देवरेकाकांनी धरलेली मान

देवरेकाका माणसाचा चेहरा नंतर बघतात, आधी मान बघतात. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत तळमजल्यावर ते एकटेच राहायला आले, तेव्हा मी ओळख करून घ्यायला गेलो. माझ्या कानाखाली रोखून बघत ते म्हणाले, "डावीकडं कललीय. उशी जाड घेता का?"

खरंच घेत होतो.

देवळ्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट साइज, साखरपुडे, शाळेचे ग्रुप फोटो. "हनुवटी आत, खांदे सैल, हं, हलायचं नाय," हे जन्मभर म्हटलेलं. स्टुडिओ बंद झाला तरी सवय गेली नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन टाकीच्या गळतीवर तावातावाने बोलत होते. काका उठले, दोन बोटांनी त्यांची हनुवटी आत सरकवली आणि म्हणाले, "आता बोला." चेअरमन पुढचं सगळं विसरले. टाकी अजून गळते.

लोक त्यांना हसतात, पण जरा जपून. काका चालतात तेव्हा पावलांचा आवाज येत नाही. भरदुपारी लिफ्टपाशी मोबाईलमध्ये डोकं घालून उभं असावं आणि मानेवर मागून दोन थंडगार अंगठे टेकावेत, हे आमच्याकडे बहुतेकांनी अनुभवलंय. माझी बायको तर त्यांच्या दारावरून जाताना पदर नसतानाही मान झाकते.

गेल्या वर्षी मला त्रास सुरू झाला. दिवसभर लॅपटॉप. मानेतून कळ निघायची, खांद्यात उतरायची आणि पाठीच्या पात्याखाली ठाण मांडून बसायची. काकांनी मला घरी नेलं. समोरच्या खोलीत निळा पडदा आणि त्यापुढे स्टूल. खिडक्या बंद. मला बसवून ते मागे उभे राहिले. मला फक्त त्यांचे अंगठे कळत होते.

"स्क्रीन डोळ्यांसमोर घ्या. खाली पुस्तकं लावा. थोड्या थोड्या वेळानं उठा. गरम पाण्याची पिशवी ठेवा. मानेला झटका द्यायचा नाय. आणि बोटांना मुंग्या आल्या तर माझ्याकडं नका येऊ, डॉक्टरकडं जा."

अंगठे तसेच. बराच वेळ गेला. पंख्याचाही आवाज नव्हता. आणि माझ्या कानाशी, अगदी हळू, ते म्हणाले, "बाई, थोडं राहिलं."

मी विचारलं, "काका, कोण बाई?"

हात एकदम सुटले. "काही नाय," ते म्हणाले. "चहा घेता?"

पुढे मला मुंग्याही आल्या. डॉक्टरांनी तपासून फिजिओथेरपीला पाठवलं. तिथल्या बाईंनी खांद्यांची पाती मागे जुळवायला, मान हलकेच ताणायला शिकवलं आणि काही आठवड्यांत मी बरा झालो. तेव्हा कुठे, त्यांच्या घरी बसलो असताना, माझं काकांकडे लक्ष गेलं. त्यांचा स्वतःचा उजवा खांदा कानाला लागेल इतका वर होता. सोसायटीभर माना सरळ करत हिंडणारा हा माणूस चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने उचलत होता.

"चला माझ्याबरोबर, त्या बाईंना दाखवू," मी म्हणालो.

ते उठले. मला आतल्या खोलीत घेऊन गेले. भिंतीवर एकच फोटो होता. खुर्चीवर ताठ बसलेली म्हातारी, डोक्यावर पदर, डोळे मिटलेले.

"माझी आई. आम्ही बाई म्हणायचो," काका म्हणाले. "साऱ्या तालुक्याचे फोटो काढले. हिच्याकडं कॅमेरा वळवला की घरात पळायची. 'गिऱ्हाइकांचे काढ,' म्हणायची. गेली तेव्हा कळलं, एकसुद्धा फोटो नाय."

मी जवळ जाऊन बघितलं. तिच्या कानामागे, पदराच्या काठाशी, चार बोटांची टोकं दिसत होती.

"मेलेल्या माणसाची मान राहत नाय हो. पडते. मी खुर्चीच्या मागं बसलो, अंगावर काळी शाल घेतली. तिचं डोकं उजव्या खांद्यावर घेतलं, हातानं धरलं. कॅमेऱ्यावर चुलतभाऊ होता. आभाळ भरलेलं. उजेडाची वाट बघत बसलो. बाहेर माणसं न्यायला खोळंबलेली. मी तिला सांगत होतो, थोडं राहिलं."

"तेव्हापासून दुखतंय?"

"फोटोतली ही बोटं खोडायला बसलो होतो," ते फोटोकडे बघत म्हणाले. "रिटचिंगमध्ये माझा हात धरणारं कोणी नव्हतं. पण नाय झालं."

ते माझ्याबरोबर आले. फिजिओथेरपीच्या बाई तरुण होत्या, बोलक्या. त्यांनी काकांना पालथं झोपवलं, गरम शेक दिला, मग बसवून त्यांचा उजवा हात कोपरातून आपल्या दोन्ही हातांवर घेतला.

"काका, सगळा भार माझ्यावर टाका. तुम्ही अजून स्वतःच उचलून धरलाय."

काकांनी डोळे मिटले. खांदा तसाच वर. कपाळावर घाम आला होता.

"काका?"

"तुम्ही नीट धरलंय ना?" त्यांनी विचारलं. आवाज ओळखू येईना. "मी सोडलं तर पडणार नाय ना?"

"नाही पडणार. धरलंय मी," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, काका हाताबद्दल विचारतायत.

खांदा हळूहळू खाली आला.