अ‍ॅरिझोनाला न जाण्याची नऊ कारणं

"ज्या वस्तूला स्क्रू आहे, ती माझं ऐकते!" हे व्हर्डेल क्वामेचं आवडतं वाक्य. उत्तर मिनेसोटातल्या हॅल्वर लेक गावच्या शाळेत त्याने एकतीस वर्षं पोरांना सुतारकाम आणि यंत्रकाम शिकवलं होतं. चर्चची भट्टी, शेजारच्या ऑर्लिनच्या बोटीचं इंजिन, दंतवैद्याची वरखाली होणारी खुर्ची, सगळं त्याच्या हाताखालून गेलं होतं. खुर्ची सोडली, तर सगळं सुधारलंही होतं.

त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी घरचा कॉम्प्युटर दम्याच्या म्हाताऱ्यासारखा घरघरायला लागला, तेव्हा व्हर्डेल अजिबात घाबरला नाही. घाबरला तो ऑर्लिनचा फोन आल्यावर.

"व्हर्डेल, तुझी यादी वाचली रे."

"कसली यादी?"

"अ‍ॅरिझोनाची. सल्ला मागितलायस ना? बाकी सगळं ठीक आहे, पण पाचवा मुद्दा मला तितकासा पटला नाही."

व्हर्डेल खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसला.

ती यादी जगात कोणीही वाचू नये म्हणून लिहिलेली होती. निवृत्तीनंतर थंडीचे चार महिने उबदार अ‍ॅरिझोनात काढायचे, आपली बहीण मार्वेल हिच्या शेजारचं घर घ्यायचं, अशी त्याच्या बायकोची, लव्हॉनची, फार दिवसांची इच्छा. उन्हाळ्यात तिने विचारलं, "जाऊया ना?" व्हर्डेल म्हणाला, "बरं की." आता उत्तर मिनेसोटातल्या माणसाच्या "बरं की"चा अर्थ 'हो' असू शकतो, 'नाही' असू शकतो किंवा 'घराला आग लागली आहे' असाही असू शकतो. लव्हॉनने 'हो' धरला. व्हर्डेलला 'नाही' म्हणायचं होतं. ते तोंडाने जमेना, म्हणून त्याने नऊ मुद्दे टाइप केले आणि कॉम्प्युटरच्या पोटात खोल लपवून ठेवले. येत्या शनिवारी मार्वेलला पक्का होकार कळवायचा होता.

आणि आता कुठूनसा घुसलेला एक व्हायरस पोटातले कागद उचलत होता, पत्ते लिहिलेल्या वहीतल्या प्रत्येकाला पाठवत होता, आणि वर स्वतःच्या अकलेने एक ओळ जोडत होता: 'कसे आहात? सोबतचा कागद वाचून आपला सल्ला द्यावा.'

दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी असली ईमेल न उघडता फेकून दिली असती. पण हॅल्वर लेकमध्ये कोणी सल्ला मागितला आणि आपण दिला नाही, तर ते समोरून येणाऱ्या गाडीवाल्याला हात हलवून ओळख न देण्याइतकं वाईट! सत्तेचाळीस माणसांनी कागद उघडला. व्हायरस आपापल्या घरात घेतला, आणि कॉफीचा मग भरून मनापासून विचार करायला बसली.

व्हर्डेलने दुपारपर्यंत सगळ्यांना फोन केले. "तो व्हायरस होता हो! मी नव्हतो!"

"हो हो, व्हायरस," लोक म्हणायचे. रात्री पिऊन गाडी खड्ड्यात घातलेला माणूस 'हरीण आडवं आलं' म्हणतो, तेव्हा म्हणतात ना, अगदी तस्सं. "पण चौथा मुद्दा मार्वेलच्या बाबतीत जरा कडक आहे, नाही का?"

चौथा मुद्दा म्हणजे फक्त 'मार्वेल' एवढा एकच शब्द होता!

एक मात्र बरं होतं. लव्हॉन आणि व्हर्डेल यांचा घरचा ईमेल एकच, आणि व्हायरस स्वतःच्या घरी पत्र टाकत नव्हता. म्हणजे साऱ्या गावाला माहीत, फक्त लव्हॉनला नाही. मात्र गावाची उत्तरं त्याच ईमेलवर येऊन पडत होती. शहरातून दुरुस्तीवाला बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. यादी वाचणारा अठ्ठेचाळिसावा माणूस कशाला?

"कॉम्प्युटर बिघडलाय," संध्याकाळी तो तिला म्हणाला. "हात लावू नकोस. मी बघतोय."

"बरं," लव्हॉन म्हणाली, आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

बुधवारी त्याने व्हायरसवरचा उतारा आणायचं ठरवलं. उतारा इंटरनेटवर, आणि इंटरनेट फोनच्या तारेवर. पण तार जोडली की व्हायरसही खूश! औषध आणायला दार उघडावं आणि रोग्याने तेवढ्यात गावभर खोकून यावं, तसा प्रकार. उतारा थेंबाथेंबाने उतरेपर्यंत यादीची आणखी एक फेरी निघालेली. उताऱ्याने तीनशे बारा ठिकाणी व्हायरस सापडल्याचं सांगितलं, सगळे मारल्याचं सांगितलं. व्हर्डेलने यंत्र बंद करून परत चालू केलं. तीनशे तेरा!

त्यात गुरुवारी हॉटडिश यायला लागल्या. घरात मयत झालं, आजारपण आलं, की शेजारीपाजारी खिमा, सूपचा डबा आणि वर कुरकुरीत बटाट्यांचा थर असं भाजून आणून देतात. ज्याला काय बोलावं कळत नाही, तो भट्टी तापवतो. दुपारपर्यंत चार आल्या. पाचवी पास्टर इंग्रिड घेऊन आल्या, आणि नेमकं दार लव्हॉनने उघडलं.

"काही विशेष नाही," पास्टर म्हणाल्या. "जास्त झालं होतं."

"बसा ना, पास्टर."

"नको, निघते." असं म्हणून त्या आणखी वीस मिनिटं दारातच हवेबद्दल बोलत उभ्या राहिल्या. जाता जाता व्हर्डेलचा हात दाबून हळूच म्हणाल्या, "नववा मुद्दा वाचून मला रडू आलं."

लव्हॉनने डिश फ्रीझरमध्ये चेपली. "पाच झाल्या. कोण गेलं म्हणे?"

"कोणी नाही. लोकांकडे बटाटे फार झाले असतील."

"असतील," लव्हॉन म्हणाली.

त्या रात्री व्हर्डेलला झोप लागली नाही. नववा मुद्दा त्याने यादीत सगळ्यात शेवटी, रागाच्या भरात नव्हे, तर राग ओसरल्यावर लिहिला होता. 'लव्हॉन तिथे हसते. इथे माझ्याबरोबर इतकी हसत नाही. तिथे गेलो तर मला ते रोज बघावं लागेल.' बायको सोडून सगळ्या गावाला हे सांगून झालं होतं. बोटीचं इंजिन उघडलं तर निदान कुठे काय अडकलंय ते दिसतं.

शुक्रवारी सकाळी त्याने शेवटचा उपाय केला. सगळी डिस्क पुसून टाकली. यादी गेली, पत्त्यांची वही गेली, नातवंडांचे फोटो गेले, आणि न वाचलेली अठ्ठेचाळीस उत्तरं गेली. वाचायची हिंमतच नव्हती त्याची! दुपारी यंत्र नव्या पाटीसारखं कोरं झालं. व्हायरस शून्य. व्हर्डेलने हात झटकले आणि विजयी वीरासारखा स्वयंपाकघरात आला.

"झाला दुरुस्त!"

"छान," लव्हॉन म्हणाली. तिने हातातला चमचा खाली ठेवला. "मग? माझ्या उत्तराचं काय ठरवलंस?"

"कुठल्या उत्तराचं?"

"मंगळवारी पाठवलं ते. लायब्ररीतून. तू सल्ला मागितला होतास ना?"

लव्हॉन लायब्ररीत काम करायची. लायब्ररीचा पत्ता वहीत होता. तिनेच लिहिला होता. मघाशी पुसलेली उत्तरं अठ्ठेचाळीस होती, आणि बाहेरची माणसं सत्तेचाळीस!

"लव्हॉन, ते... मी सगळं पुसून टाकलं."

"न वाचता?"

"न वाचता."

"नऊ मुद्द्यांना नऊ उत्तरं लिहिली होती मी," ती शांतपणे म्हणाली. "चार दिवस वाट बघतेय. तू कॉम्प्युटरच्या खोलीतून बाहेर यायचास, मला वाटायचं, आता बोलेल. आणि तू म्हणायचास, बटाटे फार झाले."

"आता सांग ना."

"मला नाही जमणार. म्हणून तर लिहिलं होतं." ती सिंककडे वळली. "नवव्याचं सगळ्यात लांब होतं."

काय बोलावं ते व्हर्डेलला कळेना, आणि भट्टी तापवून उपयोग नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. ऑर्लिन.

"व्हर्डेल, आता लायब्ररीतून काहीतरी आलंय. लव्हॉनचं दिसतंय. 'कसे आहात, सल्ला द्यावा.' उघडू का?"

"नको!" व्हर्डेल ओरडला. साठ वर्षांत त्याने शेजाऱ्याला इतकं स्पष्ट उत्तर दिलं नव्हतं. "खबरदार उघडलंस तर!" मग त्याने आवाज खाली आणला. "ऑर्लिन... मला पाठव."

"तुला? अरे, पण त्यात तो व्हायरस—"

"माहीत आहे. पाठव."

तो कोऱ्या यंत्रासमोर जाऊन बसला. तार जोडली. ईमेल आली. तीन दिवस ज्याच्याशी झुंजला, त्याला त्याने स्वतःच्या बोटाने दार उघडून आत घेतलं. यंत्र घरघरलं. नववं उत्तर खरंच सगळ्यात लांब होतं.

'९. तिथे मी हसते, कारण मार्वेल बोलते. तू बोलत नाहीस, दुरुस्त करतोस. पण तुझा चौथा मुद्दा वाचून मी इतकी हसले, की मला शांत राहायला सांगण्यात आलं. मला! चोवीस वर्षं त्या लायब्ररीत लोकांना गप्प करणारी मी! इतकी वर्षं हे सगळं तू कुठे ठेवलं होतंस? चार महिने नको. फक्त फेब्रुवारी जाऊ. बाकी थंडी इथेच. पण मला रोज एक मुद्दा सांगायचा. तोंडाने.'

"साफ झालं का रे ते?" स्वयंपाकघरातून लव्हॉनने विचारलं.

पडद्यावर व्हायरसचा आकडा चढत होता: तीनशे बारा, तीनशे तेरा, तीनशे चौदा. व्हर्डेलने खुर्ची पुढे ओढली आणि पत्र पहिल्यापासून वाचायला घेतलं.

"थोडं राहिलंय," तो म्हणाला.