चेन्नई लाइनचा अनुभव

ऋतुराजकडे अवजड वाहनाचा नवाकोरा परवाना होता, एक इस्त्रीचा शर्ट होता आणि सात ट्रान्सपोर्टवाल्यांचे नकार होते. सातही ठिकाणी गाडी एकाच वळणावर बंद पडली होती. "अनुभव किती?" असं ते विचारायचे. "गाडी मिळाली की येईल," असं हा खरंखरं सांगायचा. मग ते म्हणायचे, "आला की ये, गाडी देऊ."

आठवा दरवाजा शेंद्र्याच्या काकासाहेबांच्या ट्रान्सपोर्टचा. तिथंही नाही जमलं, तर सोमवारपासून वैजनाथमामांच्या पिठाच्या गिरणीवर बसायचं, असं आईनं ठरवून टाकलं होतं. ऋतुराजला पिठानं शिंका येत. दिवाळीत त्यानं गिरणीत एका शिंकेसरशी गिऱ्हाईक द्वारकाबाईंचं अर्धा डबा बेसन बिडकीन गावच्या हवेत मिसळून दिलं होतं. त्यामुळे भाच्याच्या नोकरीची खरी काळजी मामांनाच जास्त होती.

"तीन वर्षं ट्रकनं चेन्नई लाइन मारली म्हण," मामांनी सल्ला दिला. "चेन्नईला कोण बघाय जातंय?"

"आन मामा, उसाचं सांगू का? दोन हंगाम दोन-दोन ट्रॉल्या ओढल्या की."

"ट्रॅक्टरचं नावबी काढू नको. लोक हसतेत."

काकासाहेब हसले नाहीत. चेन्नई म्हटल्याबरोबर ते खुर्चीतून अर्धे उठले. "तीन वर्षं? आवं, मग उभे कामून? बसा की! सुरेखाबाई, विम्याचा फॉर्म भरा यांचा. आन चहा सांगा."

कार्यालयातल्या सुरेखाबाईंनी निळ्या पेनानं ठळक लिहिलं : अनुभव, तीन वर्षे, चेन्नई लाइन. ऋतुराजला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी नोकरीच्या ठिकाणी 'तुम्ही' म्हणत होतं. चहाही चांगला होता. पण तो अर्धाच प्यायला, तोवर काकासाहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "देवानंच धाडलं तुमाला. चला बरं बाहेर."

बाहेर फाटकात, ऋतुराज मघाशी ज्याच्या कडेनं अंग चोरून आत आला होता तो, तमिळनाडूचा लांबलचक ट्रेलर तिरका अडकून बसला होता. पुढचं तोंड भिंतीला टेकलेलं, शेपूट रस्त्यावर, आणि मागे गाड्यांची रांग. सगळे हॉर्न एकदम वाजत होते. केबिनमध्ये सेल्वम नावाचा तरुण ड्रायव्हर काचा वर करून बसला होता. त्याला मराठीत सांगून झालं होतं, हिंदीत सांगून झालं होतं, हातवारेही झाले होते. प्रत्येक वेळी तो मान हलवून तमिळमध्ये लांबलचक काहीतरी बोलायचा आणि पुन्हा काच वर करायचा.

"दोन तास झाले," काकासाहेब म्हणाले. "काय म्हणतोय ते इचारा. तीन वर्षांत भाषा आलीच असंल."

ऋतुराजला एकच तमिळ शब्द येत होता, तोही इडली. डोळ्यांसमोर गिरणीचा पट्टा फिरायला लागला. तरी तो गेला, केबिनमध्ये चढला आणि आधी दार लावून घेतलं. तमिळ बोलता येत नाही, हे निदान लोकांना ऐकू तरी जायला नको.

सेल्वमनं त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "भैया, हिंदी आता है. चिल्लाना मत."

"आता है? तो दो घंटे से?"

"मैं नया है. तीसरा दिन. इतना बड़ा गाड़ी कभी रिवर्स नहीं किया. हिंदी समझा बोलेगा तो रिवर्स करना पड़ेगा ना." सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही, असंही त्यानं सांगितलं.

ऋतुराजला त्याची इतकी दया आली, की आपलं दुःख तो क्षणभर विसरला. मग त्यानंही खरं सांगून टाकलं, "मेरे को तमिळ नहीं आता. चेन्नई देखा भी नहीं." दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

बाहेर काकासाहेब सुरेखाबाईंना म्हणत होते, "बघा, कसा फाडफाड बोलतोय!"

ऋतुराजनं काच खाली केली. "म्हणतोय, सकाळपासनं पोटात काय नाय. गाडी मी मागं घेतो!" पहिलं वाक्य तर खरंच होतं.

जागा बदलून तो स्टिअरिंगवर बसला आणि त्यानं आरशातून मागं पाहिलं. साखर कारखान्याच्या आवारात दोन भरल्या ट्रॉल्या मागं घेताना वाटायचं, तेच वाटलं. तिथं तर जोडणीचे दोन सांधे होते, इथं एकच. त्यानं दार उघडलं, कमरेपर्यंत बाहेर झुकला, एका हातानं स्टिअरिंग उलटं फिरवलं आणि ट्रेलर इंच इंच मागं नेत सरळ केला. मग तो फाटकातून अलगद आत आणला. भिंतीचा चुनासुद्धा निघाला नाही. हॉर्न थांबले.

खाली उतरला, तर काकासाहेब हाताची घडी घालून उभे होते.

"ऊस कुठं वाहिला रे?"

'तुम्ही'चा 'तू' झालेला ऐकून ऋतुराजला कळलं, आटोपलं सगळं. "पैठणकडं. दोन हंगाम," तो खाली मान घालून म्हणाला. "चेन्नईचं खोटं बोललो काकासाहेब. कुणी दारातच उभं करंना."

"दाराबाहेर लोंबकळून गाडी मागं घेतो तो फकस्त ऊसवाला. म्या सोता अकरा हंगाम वाहिलाय." काकासाहेबांनी सुरेखाबाईंकडं वळून सांगितलं, "ते चेन्नईचं खोडा."

"पेनानं लिहिलंय," सुरेखाबाई म्हणाल्या. "विम्याच्या फॉर्मवर खाडाखोड चालत नाय."

काकासाहेब ऋतुराजकडं वळले. मग म्हणाले, "असं कर. उद्या चेन्नईचा माल भरायचाय. तीन वर्षं ती लाइन मार, म्हंजी फॉर्म खरा व्हईल."

ऋतुराज वाकून त्यांच्या पाया पडला. सात दरवाजे बंद झाले होते, हा आठवा उघडला होता. रस्त्याचीही त्याला भीती वाटली नाही. सेल्वमही उद्याच चेन्नईला परत निघणार होता. त्याच्या मागं मागं जायचं, की झालं.

सकाळी दोन्ही गाड्या फाटकाशी आल्या. ऋतुराजनं हात दाखवून सेल्वमला पुढं जायला सांगितलं. सेल्वमनं हात दाखवून त्याला पुढं जायला सांगितलं. असं चार वेळा झाल्यावर सेल्वमनं काच खाली केली.

"तुम आगे चलो, भैया," तो काकुळतीनं म्हणाला. "आते टाइम मैं दूसरे गाड़ी के पीछे आया था."