शकुताईंची तार

शकुताईंना माझा चेहरा ओळखू यायला आठ महिने लागले. कान मात्र त्यांना पहिल्याच दिवशी पाठ झाले होते.

आम्ही अमरावती रोडवरच्या वाडीला भाड्याच्या खोल्यांत राहायला आलो तो दिवस. टेम्पोतून उतरून मी भांड्यांचं पोतं खाली घेत होते. समोरच्या ओट्यावर साठी उलटलेली एक हडकुळी बाई बसली होती. ती उठली, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "कानाच्या पाळ्या पातळ हायेत तुह्या. जड काही घालत नको जाऊ वं, फाटतील." नाव नाही, गाव नाही. एवढं सांगून परत ओट्यावर जाऊन बसली.

आठवड्याने आमच्या दाराच्या कडीला कागदाची एक पुडी अडकवलेली सापडली. आत तांब्याच्या तारेचे दोन डूल. पाण्याचा थेंब पडता पडता मध्येच थांबावा तसा त्यांचा आकार, आणि इतके हलके, की घातल्यावर आपण काही घातलंय हेच विसरावं. मी आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "माह्ये आभार काहून मानते? तुह्या कानानंच सांगतलं मले."

त्यानंतर आमचं जाणं-येणं सुरू झालं. पण उन्हाळ्यात मी डोक्याला स्कार्फ गुंडाळून गाडीवर निघाले, की त्या मला सरळ परकी समजत. एकदा भर बाजारात मी हाका मारत राहिले आणि त्या कोथिंबीर निवडत राहिल्या. शेवटी मी कानावरून स्कार्फ वर केला. "अवं माय, तू हाय का!" म्हणाल्या, आणि अर्धी जुडी माझ्या पिशवीत टाकली.

त्यांच्या यजमानांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. कूलरच्या आणि पाण्याच्या जळालेल्या मोटरी यायच्या. यजमान गिऱ्हाइकांशी बोलायचे आणि आत बसून तांब्याची तार गुंडाळायच्या शकुताई. हे जवळजवळ चाळीस वर्षं चाललं. यजमान गेले, दुकान बंद झालं, आणि घरात उरली तारेची रिळं. काही लालसर, काही सोनेरी, काही हिरवट. भंगारवाला दोनदा येऊन गेला. शकुताईंनी त्याला चहा पाजला, त्याचेही कान पाहिले आणि परत पाठवलं. "इतकी वर्षं हिले मी गोल गोल फिरवलं," रिळावर हात ठेवून त्या मला म्हणाल्या. "आता तिले जिकडे जायचं तिकडे जाऊ दे."

आणि तार खरंच जाई. दुपारी त्या ओट्यावर बसत, एका हातात बारीक चोचीची पक्कड, दुसऱ्यात वीतभर तार. काम पंधरा मिनिटांचं, पण त्याआधी तास-दोन तास नुसतं पाहणं. कूलरच्या लोखंडी स्टँडवर त्यांनी कारल्याचा वेल चढवला होता. त्या वेलाचे ते बारीक, गुंडाळलेले तणावे असतात ना, त्यांच्याकडे त्या पाहत बसत. कूलर वाळ्याच्या ताट्यांतून वारा आत ओढून घेई, वेल हले, आणि शकुताईंची मान त्याच्याबरोबर हलके हलके डुले. अशा वेळी घरात चोर शिरून आरामात स्वयंपाक करून जेवून गेला असता तरी त्यांना कळलं नसतं.

फक्त ट्रक कळे. अमरावती रोडवरून माल भरलेला ट्रक गेला की आमची जमीन थरथरते. तारेला वळण देताना ट्रक आला की शकुताई बोट वर करत. "थांब, जाऊ दे." बोलणारानेही थांबायचं. मी एकदा त्यांना माझ्या नणंदेच्या भांडणाची गोष्ट सांगत होते. सात ट्रक गेले. गोष्ट संपेपर्यंत माझा रागही निघून गेला होता.

एकाच गोष्टीवर त्या अडून बसत. एका डिझाइनचा दुसरा जोड नाही. इतवारी बाजारातला एक दागिनेवाला माझ्या कानांतले डूल पाहून माझ्यामागे घरापर्यंत आला. मी त्याला शकुताईंसमोर उभं केलं. "बाई, असेच दोनशे जोड द्या," तो म्हणाला.

"कोणासाठी?"

"विकायसाठी."

"हौ, पण घालीन कोण?"

"बायका घालतील ना!"

"मंग आण त्याहिले," शकुताई शांतपणे म्हणाल्या. "इथंच बशीव ओट्यावर. एकेकीचे कान पाहून घेतो."

तो माणूस माझ्याकडे पाहू लागला. मी कारल्याच्या वेलाकडे पाहू लागले.

इथवर सगळं गमतीचं होतं. पण त्याच वर्षी माझी मुलगी मुक्ता सहावीत गेली आणि तिने कानाचं मशीन लावणं बंद केलं. उजव्या कानाने तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मशीन लहानपणापासून होतं. नव्या शाळेत कोणीतरी तिला 'चार्जर' म्हणालं. आधी तिने केस कानावर ओढले, मग मशीन कंपासपेटीत गेलं. वर्गात तिला अर्धंच ऐकू येई, म्हणून ती बोलेनाशी झाली. मी समजावलं, रागावले, एकदा तिच्यासमोर रडलेही. ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

शकुताईंनी एक दिवस विचारलं, "तुही पोरगी तो कान काहून लपवून राहिली वं?"

मी सांगितलं. संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या आणि मुक्ताकडे मशीन मागितलं, कोणाचं बाळ मागावं तसे दोन्ही हात पुढे करून. उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. "एवढ्याशात कसं बसवलं बाई," त्या पुटपुटल्या. "हातचं काम हाय का वं हे?" मुक्ताला त्या मशीनचं कौतुक करणारं माणूस आजवर भेटलंच नव्हतं. ती सरकून जवळ बसली.

चार दिवसांनी त्यांनी सोनेरी तारेची जाळी आणून मशीनवर चढवली. मुक्ताने लावलं आणि किंचाळली, "आजी, कानात ट्रक घुसला!" तार मशीनच्या बारीक छिद्रांवर घासत होती. शकुताईंनी जाळी काढली आणि जराही वाईट वाटून न घेता त्या पुन्हा वेलासमोर जाऊन बसल्या. पुढचा आठवडा त्या आमच्याकडे फिरकल्या नाहीत.

दुसऱ्या वेळी आणला तो तारेचा एक तणावा. कानामागच्या मशीनच्या फक्त खालच्या अंगाला हलकेच विळखा घालून तो नळीबरोबर वर चढत होता. छिद्रं मोकळी. कानाच्या कडेपाशी एक छोटंसं हिरवट पान, मान हलवली की हलणारं. मशीन लपलं नव्हतं. उलट ते वेलाला लागलेलं फळ वाटत होतं.

मुक्ता आरशासमोर खूप वेळ उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने केस वर उंच बांधले आणि शाळेत गेली. मी ऑफिसात दिवसभर चुकीच्या रकान्यांत आकडे भरले. ती परत आली ती बोलतच. बाई काय म्हणाल्या, कोणाच्या डब्यात काय होतं, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीने आईकडे कानाच्या मशीनचा हट्ट कसा धरलाय.

मग ती रोज शकुताईंकडे जाऊ लागली. ओट्यावर दोघी बसत, दोघींच्या हातांत पकडी. तार कशी धरायची ते मुक्ता शिकली, त्याआधी बघत बसायला शिकली.

परवा मी तिला जेवायला बोलवायला गेले. मुक्ता शकुताईंसमोर गुडघ्यांवर बसली होती. "आजी, मी पहिला जोड तुमच्यासाठी करणार. कान दाखवा."

शकुताईंनी एकदम पदर कानांवर ओढला. "माह्ये कान काय पाहतं वं! भोकं केव्हाच बुजले त्याचे. दुकानात तार गुतायची, म्हणून कानातले काढून ठेवले होते नवी नवरी असतानी. मंग राहूनच गेलं. कोणी इचारलंबी नाही."

बारा पावलांवर राहत होते मी. मीही कधी पाहिलं नव्हतं.

मुक्ताने पदर बाजूला केला. त्यांची हनुवटी दोन बोटांत धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि पाहत राहिली. अगदी सावकाश.

"आजी, पाळीच्या मागे तीळ आहे तुमच्या."

शकुताईंचा हात वर गेला, पण कानाला न लागताच मध्ये थांबला. "हाय का?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता. "कसा दिसते वं?"

"छान दिसतो. मोहरीएवढा आहे."

मी तिथूनच मागे फिरले. वरण पुन्हा गरम करता आलं असतं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या, मान जराही न हलवता.