भाऊंनी धूळ काढली

वहिनी सकाळी कंप्यूटरचं बटण दाबत आणि आंघोळीला जात. आंघोळ, केस पुसणं, चहा असं सगळं आटोपून त्या परत येत, तेव्हा तो सुरू होण्याच्या बेतात असे. मग त्या खुर्चीवर बसत आणि त्याचा विचार पक्का होण्याची वाट बघत.

वहिनी घरी बसून शाळेच्या पुस्तकांची पानं लावायच्या. पुस्तकांत चित्रं फार, त्यामुळे फायली जड. बेडकाच्या पचनसंस्थेचं पान उघडताना एकदा कंप्यूटर जो अडकला, तो दुपारभराचं काम पोटात घेऊनच बंद पडला. त्याच आठवड्यात प्रकाशकाकडच्या संपादकांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही. पण ते उशिरा येतं. भूगोलाचं पुस्तक तुम्हाला द्यावं की नाही, यावर आमच्यात दोन मतं आहेत."

यावरचा उपाय सगळ्यांना माहीत होता. आतली जुनी, गरगर फिरणारी हार्ड डिस्क काढायची आणि तिच्या जागी एसएसडी बसवायची. तळहातावर मावणारी वस्तू. साधी, स्वस्तातली घेतली तरी वहिनींचं काम भागणार होतं. अडचण एवढीच, की वहिनींचे यजमान एका मोठ्या सरकारी कचेरीच्या खरेदी विभागात होते. कचेरीत त्यांना सगळे भाऊ म्हणत, आणि पाठीमागे भावभाऊ.

"घेऊ," भाऊ म्हणाले. "पण डोळे झाकून नाही."

त्यांनी डोळे उघडले ते पुढे कित्येक महिने मिटलेच नाहीत. रोज जेवताना ताटाशेजारी फोन उभा करून ते लोकांचे अभिप्राय वाचत. महागाची एसएसडी त्यांना महाग म्हणून नको होती. स्वस्तातली एक चांगली दिसत होती, पण एवढी चांगली वस्तू एवढ्या स्वस्तात का विकतात, या शंकेने त्यांनी तीही बाद केली. मधल्या किमतीची सगळेच घेत होते.

"सगळे घेतात म्हणजे काहीतरी लपवताहेत," भाऊ म्हणाले.

भाव उतरले की ते आणखी उतरतील म्हणून भाऊ थांबत. चढले की उतरतील म्हणून थांबत.

"तुमचं लग्न ठरवताना मी याला विचार करायला वेळच दिला नाही," भाऊंची आई सुनेला म्हणाली. "म्हणून तू या घरात आहेस. नाहीतर अजून अभिप्रायच वाचत असता."

शेवटी भूगोलाचं पुस्तक मिळालं, पण अटीवर. सोमवारी सकाळी सगळी पानं पोचली नाहीत, तर यापुढचं काम दुसरीकडे जाणार होतं. शनिवारी भाऊ मालमोजणीसाठी कचेरीत गेले. ते कोपऱ्यावरून वळल्याचं सासूने गॅलरीतून बघितलं आणि सुनेला म्हणाली, "चल, सोड कंप्यूटरच्या वायरी."

भाजीच्या चाकं असलेल्या पिशवीत कंप्यूटरचं खोकं घातलं, वरून चादर पांघरली, आणि दोघी बाजारपेठेतल्या दुकानात गेल्या. दुकानदाराने बेताच्या किमतीची एक एसएसडी पुढे केली. वहिनींनी तिचं नावही वाचलं नाही. जुन्या डिस्कवरचं सगळं त्याने जसंच्या तसं नवीवर उतरवून दिलं. संध्याकाळी खोकं पुन्हा टेबलाखाली होतं. पडद्यावर तेच चित्र, त्याच फायली, त्याच जागी. फरक एवढाच, की वहिनींनी बटण दाबलं आणि त्या सवयीने उठून निघाल्या, तर तो त्यांच्या आधी तयार.

भाऊंना जेवताना सांगायचं असं ठरलं होतं. पण भाऊ दमून आले, अर्धं जेवले आणि झोपले. वहिनींनी मात्र बसून बरीच पानं उरकली.

रविवारी सकाळी वहिनी सासूच्या गुडघ्यासाठी तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. घरी एकटे असलेल्या भाऊंना अचानक बायकोची कणव आली. आपल्या निवडीपायी ती इतके दिवस खोळंबली आहे, तिच्यासाठी आज काहीतरी करावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी वॅक्यूम क्लीनर काढला आणि कंप्यूटरच्या मागच्या जाळ्यांना लावून पुष्कळ वेळ धूळ ओढली. मग बटण दाबून बसायला खुर्ची ओढली. खुर्ची टेबलापर्यंत येण्याआधी कंप्यूटर सुरू झाला होता.

दोघी परतल्या तेव्हा भाऊ दारातच उभे होते.

"इकडे या. बसू नका, आधी बघा." त्यांनी कंप्यूटर बंद केला, पुन्हा चालू केला. "धूळ होती. नुसती धूळ. आणि आपण नवीन वस्तू आणायला निघालो होतो."

वहिनींनी सांगायला तोंड उघडलं. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, भाऊंचा असा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. आपल्या हातून बायकोचं एक काम झालं, या आनंदाने तो पार बदलून गेला होता. त्यांनी सासूकडे बघितलं. सासूने मान किंचित हलवली.

"छान झालं," वहिनी म्हणाल्या. आणि तिथेच चूक झाली.

भूगोलाचं पुस्तक वेळेवर गेलं. संपादकांनी कौतुक केलं, त्याचं श्रेय भाऊंनी वॅक्यूम क्लीनरला दिलं. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा कंप्यूटरही त्यांनी आपणहून साफ केला. तो होता तसाच राहिला, शिवाय कीबोर्डवरची दोन बटणं नळीत गेली. भाऊ खाली येऊन म्हणाले, "त्यांच्याकडची धूळ मुरलेली आहे."

इथवर ठीक होतं. पण कचेरीत त्याच सुमारास सगळ्या कंप्यूटरना एसएसडी बसवण्याचा प्रस्ताव भाऊंच्या टेबलावर आला. त्यांनी त्यावर स्वच्छ अक्षरात शेरा मारला: खरेदीची आवश्यकता नाही, साफसफाई पुरेशी आहे, स्वतः अनुभव घेतला आहे. विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी भाऊंना बोलावलं.

"माझी माणसं रोज माझ्याकडे रडत येतात, कंप्यूटर चालत नाहीत म्हणून," त्या म्हणाल्या. "तुम्ही नको म्हणताय, तर जबाबदारी तुमची. तुमच्या घरचा बघायला येते मी. रस्त्यातच आहे."

बाई उद्या येणार, हे भाऊंनी रात्री जेवताना घरी सांगितलं. जेवणं झाल्यावर त्या भाऊंजवळ जाऊन बसल्या.

"अहो, त्या कंप्यूटरचं मला तुम्हाला सांगायचं होतं."

"उद्या बाईंसमोर सांग," भाऊ म्हणाले. "वापरणाऱ्याच्या तोंडून आलेल्या गोष्टीला वजन असतं."

"नाही, पण आधी तुम्ही ऐका तर."

"आत्ता सांगितलंस तर उद्या पाठ केल्यासारखं वाटेल." आणि ते नवा शर्ट इस्त्री करायला उठले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई आल्या. भाऊंनी बटण दाबलं. कंप्यूटर तत्काळ सुरू झाला. बाईंनी पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा तसाच. बाईंना ते पटलं नाही असं नाही, पण त्या हिशेबी होत्या.

"आतून किती स्वच्छ आहे बघू. उघडा."

भाऊंनी आनंदाने स्क्रू काढले. बाजूचा पत्रा सरकवला आणि ते आत वाकले. वाकले ते बराच वेळ वरच आले नाहीत. जुन्या डिस्कची जागा रिकामी होती आणि शेजारी एक छोटी, काळी, चपटी वस्तू बसवलेली होती. तिच्यावरचं नाव त्यांनी लगेच ओळखलं. फार चांगली आणि फार स्वस्त म्हणून त्यांनी बाद केलेली तीच एसएसडी.

चहाचा ट्रे घेऊन वहिनी दारात थांबल्या. आई खुर्चीत बसून छताच्या पंख्याकडे बघत होती.

"काय झालं?" बाई म्हणाल्या. "काय आहे ते?"

भाऊ सावकाश सरळ झाले. त्यांनी आधी वहिनींकडे बघितलं, मग आईकडे. आईने पंखा सोडला नाही.

"एसएसडी आहे, बाई," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"सरकारी पैसा आहे. शिफारस करण्याआधी घरी वापरून बघावी म्हटलं." भाऊंनी हातातले स्क्रू टेबलावर ठेवले. "माझा तो शेरा मी मागे घेतो. धूळ काढायलाच हवी, पण नुसत्या धुळीने भागत नाही."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. नोकरीच्या इतक्या वर्षांत भाऊंनी शेरा मागे घेतल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. मग त्या वहिनींकडे वळल्या. "काम तुम्ही करता ना यावर? काही त्रास?"

"कंप्यूटरचा नाही," वहिनी म्हणाल्या.

बाईंनी चहा घेतला, हीच कचेरीसाठी मागवा म्हणाल्या आणि गेल्या. भाऊंनी पत्रा पुन्हा बसवला, एकेक स्क्रू घट्ट आवळला. आई आत जाऊन पडली. वहिनी कपबशा हातात घेऊन तशाच उभ्या होत्या.

"रागावलात?"

"नाही." भाऊ गुडघे झटकून उठले. खरंच रागावलेले दिसत नव्हते. "मी जन्मात घेतली नसती, ते मला कळतं. चांगली निघाली. किती दिलेस?"

वहिनींनी आकडा सांगितला.

"हा दुकानदाराने सांगितलेला, की कमी करून?"

"मी कमी करायला सांगितलंच नाही. त्याने सांगितले तेवढे दिले."

इतका वेळ सगळं धीराने घेतलेले भाऊ आता मात्र खुर्चीवर बसले.

"असू दे," ते हळू आवाजात म्हणाले. "झालं ते झालं. पण हे एवढं आईच्या कानावर घालू नकोस. तिने हयातभर घासाघीस केल्याशिवाय साधी सुई घेतली नाही. तिला सहन होणार नाही."

वहिनी बरं म्हणाल्या. दुकानात त्या भाव कमी करायला सांगणारच होत्या, तेव्हा सासूनेच त्यांचा हात दाबला होता. "सांगतोय तेवढे देऊन टाक त्याला," ती म्हणाली होती. "भाव करत बसलो तर आपल्याआधी तो कचेरीतून घरी पोचेल."