सर्वोची वेगळी चूल

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ मी नाही, माझी गाडी वाटेल, असं मी महिला मंडळात बोलून गेले. बोलायची काही गरज नव्हती. पण भानुमतीने मला 'चौथी पास इंजिनिअर' म्हटलं. (चौथी पास मी आहेच. पुढचं सगळं रेडिओ उघडून, हात भाजून शिकले. आमच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या निम्म्या मिक्सरांना विचारा.)

"गाडी दारातून निघून, वळून माझ्यापर्यंत आली तर मानलं," भानुमती म्हणाली. "नाही आली, तर तुमचं ते तारा डागायचं सोल्डरिंग आयर्न भंगारात. कबूल?"

"कबूल!"

घरी आल्यावर कळलं, काय बोलून बसले ते. त्या आयर्नशिवाय माझा एक दिवस जात नाही. नवऱ्याशिवाय चार-चार दिवस जातात.

गाडी म्हणजे नातीची जुनी, रिमोटवाली. टपावर ताटली बसवली, लाडू ठेवले, तर वजनाने पुढची चाकंच वळेनात. ही चाकं एक बोटभर मोटर वळवते, तिला सर्वो म्हणतात. ओमतीच्या बाजारातून दांडगा सर्वो आणला. तो वळे, पण वीज अशी ओढे की गाडीचा कान, म्हणजे रिसिव्हर, बंद पडे आणि गाडी सरळ भिंतीवर.

पुन्हा ओमती. दुकानदार म्हणाला, "माताजी, सर्वो को अलग से बिजली दो. चार सेल लगाओ. और सुनिए, काला तार..."

"भैया, हम सब जानते हैं!" म्हणून मी निघालेसुद्धा.

वेगळं करणं मला कोण शिकवणार? धाकटी जाऊ राधाबाई वेगळी निघाली, तेव्हा मी लोणच्याची बरणीसुद्धा अर्धी करून दिली होती. सर्वोचंही तसंच केलं. चार सेल त्याचे, लाल तार त्याची, काळी तार त्याची. रिसिव्हरकडून फक्त हुकूम आणणारी पांढरी तार ठेवली, बाकी सगळं कापून टाकलं.

हळदीकुंकवाच्या तासभर आधी बटण दाबलं. चाकं लटलट कापायला लागली.

भाऊराव, म्हणजे आमचे हे, डोकावले. "अवो, हिला हिवताप आला काय?"

"तुम्ही स्वयंपाकघरात बसा! आज बायकांचं काम आहे."

वजन जास्त झालं असेल म्हणून लाडू काढून डब्यात भरले. कापणं तसंच. सेल बदलले. आणखी जोरात कापायला लागली. तेवढ्यात काळ्या साड्या नेसून मंडळ हजर. भानुमती सगळ्यात लांबच्या खुर्चीवर बसली आणि पर्समधून घडी केलेली पिशवी काढली.

"हे काय?"

"भंगारवाल्यासाठी. रिकाम्या हाताने काहून जाऊ?"

बायका हसल्या.

शेवटी राधाबाई आली. बसलीच नाही, सरळ देवघराकडे. "थांबा बाई, आधी देवांना हळदीकुंकू लावून येते. चूल वेगळी झाली तरी देव तर इथंच आहेत ना आपले!"

मी कुंकवाची कोयरी हातात धरून तशीच उभी. देव! बरणी अर्धी केली, पण देव वाटले नव्हते. घरं दोन, देव एकाच ठिकाणी. आणि मी सर्वोची काळी तारही तोडून बसले होते! विजेची मोजणी काळ्या तारेपासून सुरू होते. ती रिसिव्हर आणि सर्वो दोघांची एक नसेल, तर हुकूम कुठून मोजायचा, हे त्या बिचाऱ्याला कसं कळणार? (दुकानदार हेच सांगून राहिला होता. त्याला हे कळवायची गरज नाही.)

धावत आत गेले. दोन्ही काळ्या तारा एकमेकींना पिळून जोडल्या, वर टेप. चाकं शांत! मी भिंतीला टेकून, किती दिवसांनी कोण जाणे, पोटभर श्वास घेतला.

गाडी दारातून निघाली, टेबलाला वळसा घालून भानुमतीच्या पायाशी येऊन अशी थांबली, जशी नमस्काराला आली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. भानुमतीने पिशवी परत पर्समध्ये टाकली, वाकली आणि ताटलीत पाहिलं.

"सत्यभामाबाई, मानलं तुम्हाला," ती म्हणाली. "पण ही काय द्यायला आली होती?"

ताटली रिकामी. लाडू डब्यात, डबा स्वयंपाकघरात. मी तोंड उघडण्याआधीच भाऊराव डबा घेऊन बाहेर आले आणि गाडीने आखलेल्या त्याच रस्त्याने, टेबलाला वळसा घालून, भानुमतीसमोर येऊन थांबले. तारेशिवाय, रिमोटशिवाय.

आयर्न वाचलं. मंडळाने मात्र ठरवलं, पुढच्या वर्षी गाडी नको, भाऊरावांनाच पाठवा.