टाकी भरल्याची खबर

टाकी भरली की वाजणारा अलार्म बाजारात तयार मिळतो, हे बायकोनं तीनदा सांगितलं. म्हणूनच शास्त्रज्ञानं तो घरी करायचं ठरवलं. हा माणूस विमा कचेरीत फायली लावत असे. शास्त्रज्ञ ही पदवी बायकोनं दिलेली.

प्रकरण गळ्याशी आलं होतं. टाकी भरून वाहिली की पाणी थेट खालच्या शिंपीणबाईंच्या कापडांवर. त्यांनी निक्षून सांगितलं होतं, "आता एक थेंब जरी आला ना, मोटारीचं बटण माझ्या घरात बसेल." म्हणजे आंघोळीलासुद्धा त्यांची परवानगी!

रविवारी सकाळी शास्त्रज्ञानं सर्किटचं चित्र गुळगुळीत कागदावर छापून आणलं, तांब्याच्या पट्टीवर पालथं ठेवलं आणि वरून इस्त्री दाबली.

"अहो, ती माझी इस्त्री आहे!"

"शाई तांब्यावर उतरते अशानं. तुला नाही कळायचं."

"इस्त्रीला चिकटलेलं कळतंय मला."

आता कागद भिजवून सोलायचा, तर नळाला पाणी नाही. त्यानं मोटार लावली. कागद निघाला. मग बायकोच्या पिठाच्या डब्यात तांबं खाणारं तपकिरी रसायन ओतून पट्टी त्यात बुडवली आणि तो डबा हलवत बसला. बाळाचा पाळणासुद्धा त्यानं कधी इतक्या मायेनं हलवला नव्हता.

"मोटार बंद केली का?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"मध्ये बोलू नकोस! आत्ताच खरी वेळ आहे."

पाऊण तासानं पट्टी बाहेर आली. रेघा कशा केसासारख्या! फक्त सगळं चित्र उलटं. कागद पालथा पडतो, म्हणून चित्र आधीच उलटं छापायचं असतं. शास्त्रज्ञानं ते फार काळजीपूर्वक सुलटं छापलं होतं. तो पट्टी फिरवून फिरवून पाहू लागला.

इतक्यात दारावरची बेल कर्कश वाजली, आणि वाजतच राहिली. दारात शिंपीणबाई, गळ्यात टेप, केसांतून पाणी निथळतंय.

"लग्नाचा पोशाख होता तो! धबधबा सोडलाय वरून!"

 बायकोनं आधी मोटार बंद केली, मग शांतपणे शास्त्रज्ञाकडे पाहिलं.

"टाकी भरल्याबरोबर वाजला. जमला की हो तुमचा अलार्म!"

शिंपीणबाईंनी नुसता हात पुढे केला. शास्त्रज्ञानं निमूटपणे पेचकस घेतला, बटण सोडवलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. दिवसभरात उलटं न झालेलं त्याचं तेवढं एकच काम.