चौघांसाठी बांधलेलं गार घर

उनाइसीने आलेख तीनदा पाहिला. मग संगणकाचा पडदा रुमालाने पुसला आणि चौथ्यांदा पाहिला. रेघ होती तिथेच होती. नाइवुनी गावातल्या सेतारेकीच्या घरात काल दुपारी दोन वाजता चाळीस माणसं श्वास घेत होती.

घरात राहत होती चार.

हे घर साधंसुधं नव्हतं. वादळाने सेतारेकीचं जुनं घर उचलून शेजारच्या उसात नेऊन ठेवल्यावर त्याच जागेवर परदेशी संशोधकांनी ते बांधलं होतं. पैसा ऑस्ट्रेलियाचा, जाड भिंती स्वीडनच्या, यंत्र जपानचं आणि उकाडा फिजीचा. त्या यंत्राला हीट पंप म्हणत. खोलीतली उष्णता ओढून ते टाकीतल्या पाण्यात सोडायचं, त्यामुळे खोली गार आणि आंघोळीचं पाणी गरम. वीज मात्र नेहमीच्या एसीच्या निम्मीच. अटी दोनच होत्या. घरच्यांनी नेहमी राहतात तसं राहायचं आणि भिंतीवरच्या मोजणीच्या डबीला हात लावायचा नाही. डबी श्वासातला कार्बन वायू, वीज आणि दाराची उघडझाप मोजायची; तिच्यातले आकडे राजधानी सुवाच्या विद्यापीठात उनाइसीकडे येत आणि तिथून स्टॉकहोमला प्राध्यापक योस्टा यांच्याकडे जात.

योस्टांचा फोन आलाच.

"उनाइसी, त्या घरात दारूची भट्टी आहे का?"

"नाही सर."

"मग गुरं बांधतात?"

"सर, तिथे सोफा आहे."

"अहो, मग एवढा कार्बन वायू सोडतंय कोण? रात्री सगळं ठीक असतं. सकाळी अकराला रेघ चढायला लागते ती संध्याकाळी पाचला उतरते. वीज आपल्या हिशेबाच्या तिप्पट. आणि दार दिवसातून दोनशे बारा वेळा उघडतं! चार माणसांनी दोनशे बारा वेळा दार उघडायचं, तर त्यांना दुसरं काही काम करता येईल का?"

योस्टांचा आवाज जरा खाली आला. "मार्चच्या बैठकीत हे आकडे असेच गेले, तर उष्ण बेटांवर हे घर चालत नाही असा निकाल लागेल. यंत्र काढून बोटीत चढवावं लागेल. मला ते नकोय. पण मला कळायला हवं."

उनाइसीलाही ते नको होतं. या घरावर तिची दोन वर्षं खर्ची पडली होती. तिने लगेच सेरेआनाला फोन लावला. सेरेआना ही सेतारेकीची बायको, गावच्या शाळेत शिक्षिका. खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता.

"सेरेआना, घरात किती जण असता गं तुम्ही?"

"चौघं. मी, हे, आमची मेरेसेइनी आणि सासूबाई."

"आणि दुपारी दोनला?"

"दुपारी दोनला सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघंच. अगदी निवांत."

"उकडत नाही?"

"छे गं! इतकी छान झोप लागते की विचारू नकोस."

फोन ठेवून उनाइसीने दर महिन्याला भरून येणारे फॉर्म काढले. 'दुपारी आराम वाटतो का?' या प्रश्नाला पाचपैकी पाच गुण. नोव्हेंबरला पाच, डिसेंबरला पाच, जानेवारीला पाच. प्रकल्पात निरनिराळ्या देशांतली बावीस घरं होती, पण इतकं सुखी कुटुंब एकही नव्हतं. 'आणखी काही सांगायचं आहे का?' या रकान्यात सेरेआनाच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती: 'वारा छान लागतो. पानांची सळसळ ऐकताना डोळा कधी लागतो ते कळत नाही.'

उनाइसी त्या ओळीकडे बघत राहिली. त्या घराच्या खिडक्या बंद असतात. भिंती फूटभर जाड. आत पानांची सळसळ कुठून आली?

मोजणीची डबी बदलली. रेघ तशीच. दुसरी डबी पाठवली. रेघ आणखी वर गेली, कारण तो आठवडा जास्त तापला होता. शेवटी यंत्र बनवणारे इंजिनिअर सुगिमोतो यांनी जपानहून स्वतःच्या हातांनी तपासलेली डबी पाठवली. तिने एक्केचाळीस माणसं दाखवली.

मग तर्क सुरू झाले. योस्टा म्हणाले, जमिनीतून वायू येत असेल. सुगिमोतोंनी दोनच शब्द लिहून विचारलं, "कसावा आंबवतात?" कंद आंबवतानाही हाच वायू सुटतो. योस्टांनी जमिनीचा तर्क त्यांच्या विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाला सहज बोलून दाखवला. सुरक्षा विभाग सहज काही घेत नसतो. तिसऱ्या दिवशी नाइवुनीच्या पत्त्यावर लाल अक्षरांतलं पत्र येऊन पडलं: घरात घातक वायू असण्याची शक्यता आहे, तपासणीअंती घर रिकामं करावं लागू शकेल.

सेरेआनाचा फोन आला तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"उनाइसी, घर काढून घेणार का गं आमचं?"

"नाही गं. नुसती तपासणी आहे. प्रोफेसर स्वतः येतायत, सुगिमोतोही येतायत."

"कुठल्या दिवशी?"

"मंगळवारी."

"किती वाजता?"

"दुपारी दोनला."

"बरं झालं सांगितलंस," सेरेआना म्हणाली आणि फोन ठेवला. हे शेवटचं 'बरं झालं' उनाइसीला जरा खटकला.

मंगळवारी ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा सावली सोडून भुंकत नव्हती. योस्टा सहा फूट चार इंच उंच, गुलाबी, आणि समारंभ आहे म्हणून अंगात कोट. सुगिमोतो बुटके, गप्प, हातात वही. सेतारेकीच्या घरी चौघं जण फोटोला बसावं तसे सोफ्यावर ओळीने बसले होते. बस चालवायची सोडून सेतारेकीने रजा घेतली होती. सासूबाई, म्हणजे सगळ्या गावाच्या आजी अर्थात बुबू, हातात बायबल घेऊन बसल्या होत्या. ते उलटं होतं.

उनाइसी आणि दोघे पाहुणे तासभर बसले. डबीने चौघं अधिक तीन अशी बरोबर सात माणसं दाखवली. दार दोनदा उघडलं. खोली चोवीस अंशांवर, यंत्र मांजरासारखं गुरगुरतंय. सुगिमोतोंनी जमीन हुंगली, भिंतीला कान लावला, स्वयंपाकघरात जाऊन कसावा नुसता उकडलेलाच आहे याची खात्री करून घेतली.

"असं कसं?" योस्टा डोकं खाजवत म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. जादूगाराच्या हातातलं नाणं गेलं कुठे हे शोधणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "तुम्ही आज काही वेगळं केलंत का?"

"आम्ही?" सेतारेकी म्हणाला. "आम्ही तर नुसते बसलोय."

तेवढ्यात गावप्रमुख इसिकेली दारात आले. पाहुण्यांचं स्वागत झाल्याशिवाय गाव त्यांना सोडणार नव्हतं. स्वागत गावाच्या सभागृहात, आणि सभागृहाला छप्पर पत्र्याचं. आत सगळं गाव मांडी घालून, घाम पुसत बसलं होतं. मध्ये लाकडी परातीत मुळं कुटून पाण्यात कालवलेला यांगोना तयार होता. योस्टांनी रिवाजाप्रमाणे टाळी वाजवून करवंटीभर यांगोना एका दमात प्यायला. लोक खूश झाले. दुसरी करवंटी आली. तीही गेली. मग इसिकेलींचं भाषण झालं. ते वीस मिनिटांचं होतं आणि त्यात इसिकेलींच्या आजोबांपासूनचा इतिहास होता. योस्टा कोटाचं एकही बटण न काढता ऐकत होते. आभार मानायला ते उभे राहिले, "आपल्या या सुंदर" एवढं म्हणाले आणि माड कोसळावा तसे आडवे झाले.

"अरे, गार खोलीत न्या!" बुबू ओरडल्या.

मग जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. सहा जणांनी योस्टांना उचललं आणि सेतारेकीच्या घराकडे धाव घेतली. त्यांच्यामागे बाकीचं गाव निघालं, नुसतं बघायला. पण दारातून आत पाऊल पडताच पायांना सवय आठवली. बायकांनी सोफ्यामागून गुंडाळलेल्या चटया ओढून पसरल्या. म्हाताऱ्या पेनीने फ्रिजच्या मागून सोंगट्यांचा पट काढला आणि कालचा डाव जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू केला. एक बाळंतीण बाळाला घेऊन कोपऱ्यात गेली, दुसरीने अर्धवट विणलेली चटई मांडीवर घेतली. कोण कुठे बसणार हे कुणालाही विचारावं लागलं नाही. आणि या सगळ्या गर्दीत सेतारेकी, सेरेआना, मेरेसेइनी आणि बुबू हे चौघं, तेही सवयीनेच, आपापली उशी काखेत मारून मागच्या दाराने निघून गेले.

योस्टांनी डोळे उघडले. वर यंत्राची गार झुळूक येत होती आणि भोवती दाटीवाटीने माणसं बसली होती.

"मी कुठे आहे?"

"माझ्या उशीवर," इसिकेली म्हणाले.

सुगिमोतो भिंतीवरच्या डबीकडे बघत होते. आकडा चढत होता. दहा, बावीस, तेहतीस. ते बाहेर गेले, उंबऱ्यापाशी वाकून रबरी चपला मोजून आले आणि त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य बोलले: "चाळीस जोड, आणि एक चप्पल कुत्र्याने नेलीय."

उनाइसी मागच्या दाराने धावली. समोर इसिकेलींचं घर होतं, पुढे ओसरी आणि ओसरीवर नीरफणसाची गर्द सावली. तिथे सेतारेकी तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरत होता. बुबू आणि मेरेसेइनी कलंडल्या होत्या. वारा वाहत होता. पानं सळसळत होती. सेरेआना तेवढी जागी होती आणि रडवेली झाली होती.

"हे काय गं?" उनाइसी म्हणाली.

"पहिल्या आठवड्यात ती बाळंतीण आली. म्हणाली, केरेकेरे, पोराला घामोळं आलंय, जरा बसू दे. केरेकेरे म्हणून कुणी काही मागितलं, तर आपल्यात नाही कसं म्हणायचं, तूच सांग! मग तिची आई आली. मग आईची आई. मग सोंगट्यावाले आले. आम्हालाच बसायला जागा उरेना, म्हणून आम्ही इकडे. इसिकेलीकाका दिवसभर आमच्याकडे असतात, घर रिकामंच पडलेलं."

"पण फॉर्ममध्ये तू चौघं लिहिलंस!"

"घरातले चौघंच ना? बाकीचे गावातले."

"आणि आराम? पाचपैकी पाच?"

"मिळतो की. दुपारी इथे चिटपाखरू नसतं," सेरेआनाने डोळे पुसले. "कुणी विचारलंच नाही गं, कुठे झोपता म्हणून."

दोघी परत आल्या. माफी मागायची रीत म्हणून इसिकेलींनी यांगोनाची मुळं योस्टांपुढे ठेवली होती आणि ते मान खाली घालून बसले होते.

"चूक गावाची आहे," ते म्हणाले. "त्या चौघांना शिक्षा नको. यंत्र नेऊ नका. उद्यापासून इथे कुणी पाऊल ठेवणार नाही."

योस्टा मात्र ऐकतच नव्हते. कोट कधीच निघाला होता. सेरेआनाच्याच एका फॉर्मच्या पाठीमागे ते आणि सुगिमोतो डोक्याला डोकं लावून काहीतरी लिहीत होते.

"थांबा, थांबा. खोलीत चाळीस माणसं, तरी सत्तावीस अंश?"

"सत्तावीस," सुगिमोतो म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर पोराने पहिला नंबर काढलेल्या बापाचा भाव होता.

"वीज तिप्पट. पण माणसं दहापट!" योस्टा ताडकन उठले आणि पुन्हा बसले, कारण डोकं अजून गरगरत होतं. "उनाइसी, माणसामागे वीज काढली तर हे आपल्या बावीस घरांतलं सगळ्यात काटकसरी घर आहे! आपण सगळीकडे घरामागे मोजत बसलो. माणसामागे कुणी मोजलंच नाही. माझंच बघा ना, स्टॉकहोमला माझ्या घरात पाच खोल्या, सगळ्या उबदार, आणि राहतो मी एकटा."

हे उनाइसीने गावाला समजावून सांगितलं. काटकसरीचं कुणाला फारसं कळलं नाही, पण पाच खोल्यांत एकटा राहणारा माणूस सगळ्यांना कळला. अख्खं गाव त्या भल्या मोठ्या गुलाबी माणसाकडे कळवळून बघायला लागलं.

"अरेरे," बाळंतिणीची आजी म्हणाली आणि त्याला टेकायला आणखी एक उशी दिली.

मार्चच्या बैठकीत निकाल लागला तो असा: यंत्र राहील. आणि पुढचं, याच्या चौपट मोठं यंत्र गावाच्या सभागृहाला बसेल, जाड छपरासकट. पुढच्या नोव्हेंबरात ते बसलं. पहिल्याच दुपारी चटया, उशा, सोंगट्यांचा पट, अर्धवट विणकाम, सगळं सेतारेकीच्या घरातून निघून सभागृहात गेलं.

त्या शनिवारी वर्षभरानंतर प्रथमच चौघं भर दुपारी आपल्या घरात आडवे झाले. खोली चोवीस अंशांवर. दार बंद. डबीत चार.

"किती शांत आहे नाही?" सेतारेकी म्हणाला.

"हो ना," सेरेआना म्हणाली.

बुबूंनी कूस बदलली. मग पुन्हा बदलली. "त्या पेनीचा डाव कुठवर आलाय कोण जाणे," त्या म्हणाल्या आणि उशी घेऊन चालू लागल्या. मेरेसेइनी अभ्यासाचं पुस्तक शोधायला म्हणून उठली ती आलीच नाही. सेरेआनाने पाच मिनिटं वाट पाहिली. "सासूबाई उन्हाच्या एकट्या गेल्यात, बघून येते," म्हणाली आणि चटईसुद्धा सोबत घेऊन गेली.

सभागृहातून हशा ऐकू आला. सेतारेकी छताकडे बघत राहिला. शेवटी त्याने उशी काखेत मारली, बाहेर पडला आणि दार हळूच ओढून घेतलं. आत यंत्र चौघांसाठी अगदी मन लावून हवा गार करत होतं.